प्लेगपासून स्वच्छतेपर्यंत : सुरतेच्या पालिका कर्मचाऱ्यांनी गिरवलेले धडे

सप्टेंबर १९९४. तापीच्या पुराचे पाणी ओसरून काही दिवस झाले होते. सुरतेच्या सखल वस्त्यांमध्ये चिखल, मेलेली जनावरे आणि कुजलेला कचरा तसाच पडून होता. महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात तीव्र ताप आणि खोकल्यातून रक्त अशी लक्षणे असलेले रुग्ण रुग्णालयात दाखल होऊ लागले आणि पाठोपाठ फुफ्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली. सुमारे पन्नास माणसे दगावली. त्याहून मोठी होती ती भीती. काही दिवसांतच लाखो लोकांनी शहर सोडले. त्यांत परप्रांतांतून आलेले कापड गिरण्यांतील आणि हिऱ्यांच्या कारखान्यांतील कामगार होते, तसेच खासगी दवाखाने बंद करून गेलेले डॉक्टरही होते. अनेक देशांनी भारताची विमाने थांबवली, भारतीय माल परत पाठवला. शिवकाळापासून मराठी माणसाला श्रीमंतीसाठी ठाऊक असलेले हे शहर जगभर अस्वच्छतेचे उदाहरण म्हणून ओळखले जाऊ लागले.

आज तेच सुरत देशातील स्वच्छ शहरांच्या यादीत अग्रभागी आहे. केंद्र सरकारच्या स्वच्छ सर्वेक्षणात २०२०, २०२१ आणि २०२२ अशी सलग तीन वर्षे ते दुसऱ्या क्रमांकावर राहिले आणि २०२३च्या सर्वेक्षणात इंदूरसह पहिल्या क्रमांकाचे मानकरी ठरले. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी घेतलेल्या २०२४च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणातही त्याने पहिला क्रमांक पटकावला. या प्रवासाचे श्रेय कधी एखाद्या कर्तबगार अधिकाऱ्याला, कधी नागरिकांच्या सहभागाला, तर कधी शहराच्या संपत्तीला दिले जाते. या तिन्हींचा वाटा आहेच. मात्र दर सकाळी झाडू हाती घेणारा सफाई कामगार, त्याचा मुकादम, प्रभागाचा सफाई निरीक्षक, गटारांचा कनिष्ठ अभियंता आणि तापाच्या रुग्णांची नोंद ठेवणारा आरोग्य कर्मचारी यांच्या कामाच्या पद्धतीत जो बदल घडला, त्याकडे फारसे लक्ष जात नाही. पर्यावरणाचे रक्षण हे शेवटी याच माणसांच्या हातून होते किंवा होत नाही. छोट्या राज्यातील छोट्या पालिका आणि पंचायतींना सुरतेकडून शिकण्यासारखे जे आहे, ते इथेच आहे.

कायदा होता, माणसेही होती

प्लेगच्या वेळी सुरतेची पालिका काही नवखी नव्हती. नगरपालिका १८५२मध्ये स्थापन झाली होती आणि १९६६मध्ये तिची महानगरपालिका झाली. मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ हा भक्कम कायदा तिला लागू होता. कचरा उचलणे, गटारे वाहती ठेवणे, उघड्यावरचे अन्नपदार्थ तपासणे, बेकायदा बांधकामे पाडणे यांसाठी लागणारे सगळे अधिकार त्या कायद्यात होते. आस्थापनेवर हजारो कर्मचारी होते. निधीचीही तशी ददात नव्हती.

उणीव वेगळीच होती. शहराची लोकसंख्या १९९१च्या जनगणनेत पंधरा लाखांच्या घरात पोहोचली होती आणि तिचा मोठा हिस्सा झोपडपट्ट्यांत राहत होता. या वस्त्यांत नळ, शौचालय, कचराकुंडी यांची सोय जेमतेम होती. प्रत्येक विभाग आपापल्या फायलींपुरता पाहत असे. गटार तुंबले की मलनिस्सारण विभाग कचऱ्याकडे बोट दाखवी आणि कचरा साचला की स्वच्छता विभाग वाहनांच्या कमतरतेकडे. लहानसहान खर्चाची मंजुरी मुख्य कार्यालयातून यायला आठवडे लागत. गल्लीतील कर्मचाऱ्याला प्रश्न दिसत होता, पण तो सोडवण्याचा अधिकार त्याच्यापाशी नव्हता. ज्याच्यापाशी अधिकार होता, त्याला ती गल्ली दिसत नव्हती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले होते. त्याआधी काही काळ तेथे उंदीर मरून पडत असल्याचे गावकऱ्यांच्या ध्यानात आले होते. उंदीर मरणे, पिसवा वाढणे, ताप येणे ही साखळी वैद्यकशास्त्राला शतकभर ठाऊक होती. ती गावातील आणि शहरातील शेवटच्या कर्मचाऱ्याला मात्र ठाऊक नव्हती. मेलेला उंदीर दिसल्यावर कोणाला कळवायचे, हे त्याला कोणी शिकवलेच नव्हते. पर्यावरणविषयक जाणीव नसणे म्हणजे काय, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

‘एसी’तून ‘डीसी’कडे

मे १९९५मध्ये एस. आर. राव यांनी सुरतेचे आयुक्त म्हणून सूत्रे हाती घेतली. त्यांनी नवा कायदा आणला नाही, मोठी भरतीही केली नाही. आहे त्याच कर्मचाऱ्यांच्या कामाची रचना त्यांनी बदलली. शहराचे सहा विभाग करून प्रत्येक विभागाला स्वतंत्र प्रमुख दिला आणि आयुक्तांकडे एकवटलेले बरेच प्रशासकीय व आर्थिक अधिकार त्या प्रमुखांकडे सोपवले. रस्ता, पाणी, गटार, कचरा आणि आरोग्य या सगळ्यांचे उत्तरदायित्व आपल्या हद्दीपुरते एकाच माणसावर आले. ‘हे माझ्या खात्याचे काम नाही’ हे उत्तर त्यामुळे आपोआप बंद झाले.

दुसरा बदल दिनक्रमाचा होता. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी सकाळचे काही तास रस्त्यावर, वस्त्यांत, नाल्यांच्या काठी घालवायचे आणि दुपारी सर्वांनी एकत्र बसून पाहिलेल्या अडचणींवर तिथल्या तिथे निर्णय घ्यायचा, असा दंडक पडला. वातानुकूलित दालनातून रोजच्या कामाकडे, म्हणजेच ‘एसीतून डीसीकडे’ असे त्याचे नाव तेव्हा गाजले. हे नाव ऐकायला गमतीचे असले, तरी त्यामागचा विचार प्रशिक्षणाचा होता. मुकादमासोबत रोज त्याच नाल्यावर उभ्या राहणाऱ्या अभियंत्याला पाणी कुठे अडते हे कळू लागले आणि अभियंत्यासोबत उभ्या राहणाऱ्या मुकादमाला ते का अडते हे कळू लागले. एकाचा अनुभव आणि दुसऱ्याचे शास्त्र यांची अशी देवाणघेवाण कोणत्याही कार्यशाळेत सहसा होत नाही.

तिसरा बदल नोंदींचा होता. तापाच्या आणि हिवतापाच्या रुग्णांची माहिती रोजच्या रोज गोळा होऊ लागली. एखाद्या वस्तीत रुग्ण वाढताना दिसले की त्याच वस्तीतील साचलेले पाणी, फुटलेली नळवाहिनी आणि कचऱ्याचे ढीग तपासले जाऊ लागले. आरोग्य विभागाचा आकडा स्वच्छता विभागाच्या कामाचा आधार बनला. मुख्य रस्त्यांची सफाई रात्री सुरू झाली, कचरा वाहून नेण्याच्या कामात खासगी वाहने आली, घाण करणारे दुकानदार आणि हॉटेलवाले यांच्याकडून दंड वसूल होऊ लागला. मोठ्या व्यावसायिकांच्या बेकायदा बांधकामांवरही कारवाई झाली. नियम सर्वांना सारखा लागू आहे असे दिसल्यावर खालच्या कर्मचाऱ्याला दंडाची पावती फाडण्याचे धैर्य आले. नव्वदच्या दशकातच ‘इंटॅक’ या संस्थेने चंडीगडच्या पाठोपाठ देशातील दुसरे स्वच्छ शहर म्हणून सुरतेची नोंद केली.

या तीन बदलांतून एक सूत्र निघते. कर्मचाऱ्याला पर्यावरणाची जाणीव करून देणे ही पहिली पायरी झाली. त्या जाणिवेला निर्णयाचा अधिकार, वेळेवर मिळणारी माहिती आणि वरिष्ठांचा भक्कम आधार यांची जोड मिळाली, तरच तिचे क्षमतेत रूपांतर होते. नाल्यात प्लास्टिक टाकू नये हे कळलेल्या, पण ते टाकणाऱ्याला रोखू न शकणाऱ्या निरीक्षकाच्या जाणिवेचा शहराला काही उपयोग नाही.

पुराने दिलेला दुसरा धडा

स्वच्छतेचा पाया घातला गेल्यावरही सुरतेची परीक्षा संपली नव्हती. ऑगस्ट २००६मध्ये तापीच्या खोऱ्यात मुसळधार पाऊस झाला आणि सुरतेपासून सुमारे शंभर किलोमीटर वर असलेल्या उकाई धरणातून प्रचंड विसर्ग करावा लागला. हा विसर्ग नऊ लाख क्युसेकच्या आसपास पोहोचला. शहराजवळच्या नदीपात्राची वहनक्षमता त्याच्या निम्म्याहूनही कमी होती. शहराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाण्याखाली गेला, शंभराहून अधिक बळी गेले आणि उद्योगांची अपरिमित हानी झाली.

हा प्रश्न झाडूने सुटणारा नव्हता. तापी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातील मुलताईजवळ उगम पावते, खानदेशातून वाहते आणि मग गुजरातेत शिरते. जळगाव आणि धुळे परिसरात पडलेला पाऊस उकाईत येतो आणि तेथून सुरतेत. धरणाचे दरवाजे राज्याच्या जलसंपदा खात्याच्या हाती, पावसाचा अंदाज हवामान खात्याच्या हाती, पूर अंदाजाचे काम केंद्रीय जल आयोगाकडे आणि बुडणारी वस्ती महापालिकेच्या हद्दीत, अशी ही विभागणी होती. धरणाच्या व्यवस्थापनातही अंतर्विरोध होता. सिंचन आणि विजेसाठी जलाशय भरलेला हवा, तर पूर पोटात घ्यायचा असेल तर त्यात मोकळी जागा हवी. पावसाळा संपत आला की पाणी साठवून ठेवण्याकडे कल असतो आणि नेमक्या त्याच वेळी मोठा पाऊस झाला तर दरवाजे एकदम उघडावे लागतात.

याला उत्तर शोधण्याची संधी २००८मध्ये आली. रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने आशियाई शहरांना हवामान बदलाला तोंड देण्यासाठी सज्ज करण्याचा एक उपक्रम सुरू झाला. त्यासाठी भारतातून सुरत, इंदूर आणि गोरखपूर ही शहरे निवडली गेली. सुरतेत या निमित्ताने महापालिकेचे अभियंते व आरोग्य अधिकारी, राज्याची खाती, व्यापारी मंडळ आणि अभियांत्रिकी महाविद्यालयातील तज्ज्ञ प्रथमच एका टेबलाभोवती बसले. उष्मा, पूर, समुद्राची वाढती पातळी आणि डासांमुळे पसरणारे रोग यांचा शहरावर काय परिणाम होईल, याचा त्यांनी मिळून अभ्यास केला. २०१२मध्ये ‘सुरत क्लायमेट चेंज ट्रस्ट’ ही नोंदणीकृत संस्था उभी राहिली. तिच्यामुळे आयुक्त बदलला किंवा परदेशी निधी संपला तरी ही चर्चा थांबणार नाही, अशी सोय झाली. पुढच्याच वर्षी शहरी आरोग्य आणि हवामान या विषयासाठी स्वतंत्र केंद्र सुरू झाले.

पुराची आगाऊ सूचना देणारी यंत्रणा हे या प्रयत्नाचे सर्वांत महत्त्वाचे फळ म्हणावे लागेल. खोऱ्यातील पाऊस, धरणात येणारे पाणी, सोडावा लागणारा विसर्ग आणि शहरातील कोणत्या भागात किती पाणी चढेल, हे दुवे तिने एकमेकांना जोडले. विसर्ग अमुक इतका झाला की अमुक प्रभागात पाणी शिरणार, हे आधीच ठाऊक असल्यामुळे प्रभागातील कर्मचाऱ्याला आपले काम नेमके कळते. कोणती शाळा निवाऱ्यासाठी उघडायची, कोणत्या गल्लीतील वृद्ध आणि गरोदर स्त्रिया आधी हलवायच्या, कोणते पंप कुठे न्यायचे, हे त्याला वरून आदेश येण्याची वाट न पाहता ठरवता येते. तहान लागल्यावर विहीर खणण्याची सवय मोडणे, हेच क्षमताबांधणीचे खरे काम आहे.

सांडपाणी विकणारी महापालिका

प्रशिक्षित यंत्रणा केवळ संकटाच्या वेळीच कामाला येते असे नाही. पांडेसरा औद्योगिक वसाहतीतील कापड रंगवणाऱ्या कारखान्यांना रोज अफाट पाणी लागते. दुसरीकडे शहरातून तितकेच सांडपाणी बाहेर पडते. महापालिकेच्या अभियंत्यांनी या दोन प्रश्नांची सांगड घातली. २०१४मध्ये बमरोली येथे रोज ४० दशलक्ष लिटर सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करणारा प्रकल्प सुरू झाला आणि ते पाणी पांडेसऱ्यातील उद्योगांना विकले जाऊ लागले. पुढे ही क्षमता वाढवून शंभर दशलक्ष लिटरच्या पलीकडे नेण्यात आली. कारखान्यांचा भूजलावरील आणि नदीवरील भार तेवढा हलका झाला आणि पालिकेच्या तिजोरीत नियमित उत्पन्न येऊ लागले. त्याआधीच अंजना येथील सांडपाणी प्रकल्पात मैल्यापासून निघणाऱ्या वायूवर वीज निर्माण करण्याचा प्रयोग यशस्वी झाला होता.

अशा प्रकल्पांची यंत्रे बाजारात विकत मिळतात, पण ती चालवणारी माणसे तयारच करावी लागतात. पाण्यातील प्राणवायू, क्षार आणि घनपदार्थ रोज तपासणे, पडदे वेळेवर धुणे, जिवाणूंच्या टाक्यांतील समतोल सांभाळणे ही कामे ज्याला येतात, असा तंत्रज्ञ पालिकेच्या किंवा ठेकेदाराच्या सेवेत नसेल, तर कोट्यवधींचा प्रकल्प वर्षा-दोन वर्षांत गंजून पडतो. देशातील कितीतरी शहरांत बंद पडलेली सांडपाणी केंद्रे याची साक्ष देतात.

एका टेबलावर किती कायदे

पर्यावरणाचे काम स्थानिक संस्थांवर नेमके किती येऊन पडते, याची कल्पना सामान्य नागरिकाला सहसा नसते. १९९२च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बारावे परिशिष्ट जोडले. त्यात सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता आणि घनकचरा व्यवस्थापन, तसेच नागरी वनीकरण आणि पर्यावरणाचे संरक्षण हे विषय पालिकांकडे सोपवण्यासारखे म्हणून नोंदवले आहेत. २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे कचऱ्याचे तीन प्रकार घरातच वेगळे करून घेण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली आणि कचरावेचक व कचरा गोळा करणारे यांना प्रशिक्षण देण्याचे कर्तव्यही सांगितले. प्लास्टिक, बांधकामाचा राडारोडा आणि जैववैद्यकीय कचरा यांचे नियम वेगळे. २००२च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी आणि लोकांच्या जैवविविधतेची नोंदवही हवी. २०१३च्या कायद्याने हाताने मैला साफ करण्याची प्रथा बंद करण्याची आणि गटारात माणूस न उतरवण्याची जबाबदारीही त्यांच्यावरच दिली.

कागदावर ही कामे वेगवेगळ्या मंत्रालयांची आहेत. प्रत्यक्षात ती एकाच कारकुनाच्या किंवा सचिवाच्या टेबलावर येऊन थांबतात. जन्म-मृत्यूचे दाखले, घरपट्टीची वसुली, निवडणुकीची कामे आणि सभांची इतिवृत्ते सांभाळून त्याने हे सारे करायचे असते. त्याला वर्षातून एखाद्या वेळी तालुक्याच्या गावी बोलावून दिवसभर भाषणे ऐकवली, जेवण दिले आणि प्रमाणपत्र हाती ठेवले, तर त्याला प्रशिक्षण झाले असे म्हणता येणार नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलावर तोच ढीग आणि तेच अपुरे अधिकार असतात, आणि मग ‘ये रे माझ्या मागल्या’ सुरू होते.

प्रशिक्षणाच्या संस्था देशात नाहीत असे नाही. १९२६मध्ये मुंबईत स्थापन झालेली अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था कित्येक दशके सफाई निरीक्षकांच्या पदविकेचा अभ्यासक्रम चालवते आणि पश्चिम भारतातील अनेक पालिकांचे निरीक्षक तिथूनच शिकून आले आहेत. पुण्यात ‘यशदा’ आहे. केंद्राने २०२०मध्ये ‘मिशन कर्मयोगी’ मंजूर केले आणि कर्मचाऱ्यांना घरबसल्या अभ्यासक्रम पूर्ण करण्यासाठी संगणकीय मंच उपलब्ध करून दिला. अहमदाबादने २०१३मध्ये दक्षिण आशियातील पहिला उष्माघात कृती आराखडा तयार केला, तेव्हा दवाखान्यांतील कर्मचाऱ्यांना उष्माघात ओळखण्याचे शिक्षण हा त्याचा एक मुख्य भाग होता. म्हणजे शिकवणाऱ्यांची वाण नाही. शिकलेले वापरायला मिळेल अशी कार्यालये मात्र मोजकीच आहेत.

सुरतेच्या यशाची दुसरी बाजू

सुरतेचे कौतुक करताना तिथले अपुरेपण झाकणे योग्य होणार नाही. जानेवारी २०२२मध्ये सचिन औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधून घातक रसायन नाल्यात सोडले जात असताना विषारी वायू पसरला आणि सहा कामगारांचा मृत्यू झाला. रसायने चोरून नाल्यात ओतली जाणे हा एका रात्रीतला अपघात नव्हे. महापालिका, औद्योगिक वसाहत, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि पोलीस यांच्या हद्दी जिथे एकमेकींना भिडतात, तिथे कोणाचेच लक्ष नसते, हे त्या घटनेने दाखवले. शहराच्या एका भागात हवेतील धूलिकणांसाठी उत्सर्जन व्यापाराची जगातील पहिली योजना २०१९पासून चालते आणि त्याच शहराच्या दुसऱ्या भागात टँकर नाल्यात रिकामे होतात, हा विरोधाभास विसरता येणार नाही.

पावसाळ्यातील खाडीपुराचा प्रश्नही कायम आहे. शहरातून वाहणाऱ्या नाल्यांना सुरतेत खाडी म्हणतात. २०२४ आणि २०२५च्या पावसाळ्यात या खाड्यांचे पाणी वस्त्यांत शिरले. मिठी खाडीच्या काठचा लिंबायत हा त्यांतलाच एक भाग. खानदेशातून पोटासाठी आलेली हजारो मराठी कुटुंबे इथे राहतात. तापीच्या पुराची सूचना आता वेळेवर मिळते, पण शहरातच पडलेल्या पावसाचे पाणी अतिक्रमणांनी आक्रसलेल्या खाडीतून वाहून जाऊ शकत नाही. मोठी नदी सांभाळायला शिकलेली यंत्रणा लहान नाल्यापाशी अडखळते, कारण तिथे केवळ शास्त्र पुरत नाही, हितसंबंधांशी गाठ पडते.

सफाई कामगारांची स्थिती हा तिसरा प्रश्न, आणि तो केवळ सुरतेचा नाही. देशभर हे काम मोठ्या प्रमाणात कंत्राटी कामगारांकडून करून घेतले जाते. कंत्राट संपले की कामगार बदलतो आणि त्याला दिलेले शिक्षणही त्याच्याबरोबर निघून जाते. ज्याच्या हातात मोजे नाहीत आणि ज्याला आजारपणाची रजा नाही, त्याला ‘हरित’ कर्मचारी व्हा असे सांगणे निरर्थक आहे. क्षमताबांधणीचा विचार त्याच्या सुरक्षेपासून आणि सेवेच्या शाश्वतीपासूनच सुरू व्हायला हवा.

गोव्याच्या आरशात

गोव्याचा पसारा सुरतेच्या मानाने लहान आहे. २०११च्या जनगणनेत एकट्या सुरत महापालिकेची लोकसंख्या ४४ लाखांहून अधिक होती, तर संपूर्ण गोव्याची सुमारे साडेचौदा लाख. मात्र गोव्यात १९१ ग्रामपंचायती, १३ नगरपालिका आणि पणजी महापालिका अशी स्थानिक संस्थांची दाट वीण आहे. समुद्रकिनारा, खाजन जमिनी, पश्चिम घाटाची रांग, खाणपट्टा आणि लाखो पर्यटक हे सारे याच संस्थांच्या हद्दीत सामावलेले आहे. म्हणजे लोकसंख्या थोडी असली तरी सोडवायचे प्रश्न थोडे नाहीत.

गोव्याने काही बाबतींत आदर्श घालून दिला आहे. पणजीत कचऱ्याचे सोळा प्रकारांत वर्गीकरण करण्याची पद्धत देशभरातील अभ्यासकांच्या नजरेत भरली. साळगावचा कचरा प्रक्रिया प्रकल्प २०१६मध्ये सुरू झाला आणि आजूबाजूच्या किनारी पंचायतींचा मोठा भार त्याने उचलला. दुसरीकडे मडगावजवळच्या सोनसड्याचा डोंगर वर्षानुवर्षे धुमसत राहिला. एकाच राज्यात, एकाच प्रकारच्या नियमांखाली हा फरक पडतो. म्हणून प्रत्येक ठिकाणी यंत्रणा कोण चालवते आणि तिला सातत्य किती आहे, हे पाहावे लागते.

सुरतेचा पुराचा धडा गोव्याला तर अगदी जवळचा आहे. तिळारी धरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात आहे. त्याचे पाणी मात्र शापोरा नदीतून पेडणे, डिचोली आणि बार्देशच्या गावांत उतरते. ऑगस्ट २०१९मध्ये इब्रामपूर, हणखणे परिसरातील लोकांनी त्याचा अनुभव घेतला. जुलै २०२१मध्ये म्हादई आणि तिच्या उपनद्यांच्या पुराने सत्तरी, धारबांदोडा भागात घरे कोसळली. धरण एका राज्यात आणि बुडणारे घर दुसऱ्या राज्यात असेल, तर अमुक विसर्गाला आपल्या पंचायतीत कोणती घरे बुडतात, हा तक्ता पंचायत सचिवाच्या भिंतीवर टांगलेला असायला हवा. त्यासाठी परदेशी निधीची गरज नाही. जुन्या पुरांच्या खुणा, गावातील जाणत्यांची आठवण आणि जलसंपदा खात्याचा आकडा एकत्र आणले की त्याची सुरुवात होऊ शकते.

गोव्याला आणखी एक वारसा लाभलेला आहे. खाजन जमिनींचे बांध आणि मानशी सांभाळण्याची शतकानुशतकांची परंपरा म्हणजे भरती-ओहोटीच्या शास्त्राचे चालते-बोलते शिक्षण होते. मानस कधी उघडायची आणि कधी बंद करायची हे जाणणारी माणसे गावोगावी होती. आज एखाद्या पंचायतीने बांधकाम परवाना देताना तो भराव कोणत्या खाजनाचा निचरा अडवील, हे पाहणारा तांत्रिक कर्मचारी तिच्याकडे बहुधा नसतो. जैवविविधतेची नोंदवही तयार करताना हे पारंपरिक ज्ञान तिच्यात उतरले आणि परवान्याच्या फायलीसोबत ती नोंदवही उघडण्याची सवय लागली, तर कायद्याचा हेतू साधेल. एला, जुने गोवे येथील गोवा लोकप्रशासन आणि ग्रामीण विकास संस्था ही राज्याची प्रशिक्षण संस्था आहेच. तिथले वर्ग आणि पंचायतीतील टेबल यांच्यामधला पूल बांधणे हे खरे काम आहे.

सुरतेच्या अनुभवावरून असा पूल कसा बांधता येईल हे सांगता येते. प्रशिक्षण शक्यतो कामाच्या जागी, नाल्याच्या काठी आणि कचरा प्रकल्पाच्या आवारात व्हावे. त्यात सचिव, अभियंता, आरोग्य सेवक आणि सफाई कामगार एकत्र असावेत, कारण प्रश्न खाती पाहून येत नाहीत. शिकवून झाल्यावर छोट्या खर्चाचे आणि दंडाचे अधिकार त्याच पातळीवर मिळावेत. प्रशिक्षित माणसाची बदली झाली तर त्याचे ज्ञान नोंदवहीच्या रूपाने मागे राहावे. आणि वर्षाअखेरीस किती कार्यशाळा घेतल्या याची गणती करण्याऐवजी किती नाले पावसापूर्वी मोकळे झाले, डेंग्यूचे रुग्ण किती घटले, वेगळा केलेला कचरा पुन्हा एकत्र होण्याचे प्रकार किती थांबले, याचा हिशेब ग्रामसभेपुढे मांडला जावा.

नागरिकांचाही यात वाटा आहे. सुरतेत दंडाची पावती फाडणाऱ्या निरीक्षकामागे आयुक्त उभे राहिले, तसे गावात कोणीतरी उभे राहायला हवे. आपला नातेवाईक आहे, आपल्या वाड्यावरचा आहे म्हणून भराव टाकणाऱ्याची रदबदली करायची आणि पाणी घरात शिरल्यावर पंचायतीला शिव्या घालायच्या, या सवयीपुढे कोणतेही प्रशिक्षण टिकणार नाही. प्रामाणिकपणे काम करणाऱ्या कर्मचाऱ्याची बदली रोखण्यासाठी ग्रामसभेत बोट वर करणारे गाव हे त्याच्या क्षमतेचे सर्वांत मोठे बळ असते. सुरतेला हे शिकण्यासाठी एक प्लेग आणि एक महापूर सोसावा लागला. गोव्याला तितकी किंमत मोजावी लागू नये, एवढे अंतर अजून हाती आहे.